सेकिगाहारा टेबलावर मांडताना कोबायाकावाचं काय करायचं?

सोंगटीबहाद्दर

राम राम मंडळी. पुण्यात आमचा वॉरगेम (टेबलावर सैनिकांच्या सोंगट्या मांडून जुन्या लढाया) खेळणाऱ्यांचा छोटासा कंपू आहे. नेपोलियन झाला, दुसरं महायुद्ध झालं, आता सगळ्यांच्या डोक्यात सामुराई शिरलेत. दिवाळीनंतर सेकिगाहारा मांडायचं घाटतंय आणि एका जागी गाडं अडलंय.

हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी: जपानचा सत्ताधीश हिदेयोशी १५९८ साली वारला, मुलगा हिदेयोरी पाच वर्षांचा. सत्ता कोणाकडे, यावरून जपानचे सरदार दोन तटांत वाटले गेले. पूर्वेची फौज तोकुगावा इएयासूची, पश्चिमेची इशिदा मित्सुनारीने जमवलेली. २१ ऑक्टोबर १६०० च्या सकाळी सेकिगाहाराच्या खोऱ्यात दोन्हीकडची मिळून दीड लाखाच्या आसपास माणसं समोरासमोर आली. जागा पाहिली तर पश्चिमवाले वरचढ, डोंगरउतार सगळे त्यांच्याकडे. पण दक्षिणेला मात्सुओ डोंगरावर पंधरा हजार माणसं घेऊन बसलेला कोबायाकावा हिदेआकी दुपारपर्यंत हलला नाही, आणि हलला तो आपल्याच बाजूच्या ओतानी योशित्सुगूवर तुटून पडला. तिकडे पूर्वेला नांगू डोंगरावर पश्चिमेच्याच बाजूच्या मोरींची फौज. तिच्यापुढे त्यांचाच सरदार किक्कावा हिरोइए आडवा बसलेला, आणि त्याचं इएयासूशी आतून जमलेलं. त्यामुळे मोरींची माणसं उतरलीच नाहीत. दोनच्या सुमाराला सगळा खेळ खल्लास.

आता हे टेबलावर कसं आणायचं? खेळायला बसलेल्या प्रत्येकाला शेवट पाठ आहे. मित्सुनारी झालेला गडी पहिल्याच फेरीत अर्धी फौज कोबायाकावाकडे तोंड करून उभी करणार. नियमाने त्याला मनाई केली तर तो कठपुतळी झाला. फितुरी फाशावर टाकली तर ती फितुरी राहत नाही, हवामान होतं. तुम्ही काय केलं असतं?

चहाबाज

पयला नंबर. वाचनखूण साठवली. नावं वाचताना जीभ अडखळतेय, पण येऊ द्या.

जुना_खवीस

एवढं लांब कशाला जायचं म्हणतो मी? पानिपत मांडा की. बुराडी घाट मांडा. आपल्याकडे काय लढायांचा दुष्काळ आहे का?

सोंगटीबहाद्दर

खवीसकाका, पानिपत मांडून झालंय. दुसऱ्या फेरीत होळकरांवरून वाद पेटला, तिसऱ्या फेरीत दोघे जण घरी गेले. जपानी लढाईत कोणाचे पणजोबा नसतात, हा फार मोठा फायदा आहे.

उनाडटप्पू

पश्चिमेचा सेनापती म्हणून ज्याने आयुष्यात इतिहास वाचला नाही असा माणूस बसवा. आमच्या ऑफिसात ढिगाने आहेत, पाठवू का? (हलके घ्या.)

दानपासा

टप्प्या, तू गमतीत बोललास, पण हा खराच एक मार्ग आहे. नावं बदलायची, नकाशा उलटा फिरवायचा, लढाई वेगळ्याच मुलखातली म्हणून सांगायची आणि शेवटी पडदा उघडायचा. युरोपातल्या आडवळणाच्या लढायांना हे चालतं. इथे कठीण, कारण डोंगरावर गप्प बसलेली पंधरा हजारांची फौज दिसली की दोन व्हिडिओ पाहिलेलासुद्धा ओळखतो.

दुसरा मार्ग: जीएमटी कंपनीचा 'सेकिगाहारा' नावाचा बोर्डगेम आहे, २०११ चा. कोणी खेळलंय? त्यात फासे नाहीतच. लाकडी ठोकळे, त्यांवर घराण्यांची चिन्हं, आणि हातात पत्ते. ज्या घराण्याचा पत्ता हातात असेल त्याच घराण्याचे ठोकळे लढाईत उतरवता येतात. समोर डोळे दिपतील एवढी फौज उभी असते आणि पत्ते नसले तर त्यातलं कोणी तलवार उपसत नाही. त्यावर आणखी कळस म्हणजे निष्ठेला आव्हान देणारा पत्ता. समोरच्याने तो टाकला आणि त्या घराण्याचा आणखी एक पत्ता तुम्हाला दाखवता आला नाही, तर तुमचा ठोकळा त्या लढाईपुरता त्याच्या बाजूने लढतो. आपली माणसं आपली आहेत की नाहीत याची धाकधूक इतकी स्वच्छपणे मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिली नाही.

सोंगटीबहाद्दर

खेळलोय, झकास आहे. पण तो अख्ख्या मोहिमेचा खेळ. मला सकाळी आठ ते दुपारी दोन एवढीच लढाई हवीय, रंगवलेल्या सैनिकांनिशी. अर्ध्या तासाची एक फेरी धरली तर बारा फेऱ्या. कोबायाकावा साधारण आठव्या फेरीला उतरतो.

इतिहासखोर

>> कोबायाकावा साधारण आठव्या फेरीला उतरतो

ते तुम्ही कशावरून म्हणताय? 'दुपारपर्यंत घुटमळला, मग इएयासूने चिडून त्याच्या डोंगराच्या दिशेने बंदुका झाडायला लावल्या आणि पोरगं घाबरून खाली उतरलं' ही गोष्ट नंतरच्या, एदो काळातल्या (म्हणजे तोकुगावांच्या राजवटीतल्या) लिखाणात रंगत गेली. अलीकडच्या काही जपानी अभ्यासकांचं म्हणणं असं की लढाईच्या आसपासच्या पत्रांत त्या बंदुकांचा मागमूस नाही, आणि कोबायाकावा सुरुवातीलाच उलटला असावा. तसं असेल तर लढाई सहा तास चाललीच नाही, लवकर आटोपली.

म्हणजे तुम्ही टेबलावर इतिहास मांडताय की दोन-अडीचशे वर्षं कथेकऱ्यांनी सांगितलेलं नाट्य, हे आधी ठरवा. दोन्ही मांडायला हरकत नाही, पण एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नका.

उनाडटप्पू

आली का पंचाईत. *पॉपकॉर्न घेऊन बसलेला बाहुला*

सोंगटीबहाद्दर

इतिहासखोर, मला नाट्यच हवंय, बिनदिक्कत सांगतो. सकाळी आठलाच उलटला तर मी एवढे बेस (सैनिक चिकटवलेल्या पट्ट्या) कशाला रंगवतोय?

नागोयातला_नाना

मी इथे जवळच राहतो. जेआर रेल्वेच्या तोकाइदो मार्गावर ओगाकी आणि माइबारा यांच्यामध्ये सेकिगाहारा स्टेशन लागतं. उतरलं की गावभर झेंडे. प्रत्येक सरदाराचा तळ होता तिथे दगड आणि निशाण लावलंय. २०२० मध्ये मोठं संग्रहालयही उघडलं. मित्सुनारीचा तळ सासाओ टेकडीवर, तिथे चढायला काहीच नाही, दहा-पंधरा मिनिटांत वर. मात्सुओ मात्र खरा डोंगर, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, झाडीतून वाट. धाप लागते.

वर गेल्यावर एक गोष्ट पटते. नकाशात हे खोरं ऐसपैस वाटतं, प्रत्यक्षात पूर्व-पश्चिम चारेक किलोमीटर आणि दक्षिणोत्तर दोनेक. सासाओ ते मात्सुओ सरळ रेषेत अडीच-तीन किलोमीटर. म्हणजे कोबायाकावाला खालचं सगळं दिसत होतं, आणि खालच्यांना तो दिसत होता. आदल्या रात्री पाऊस, सकाळी दाट धुकं. धुकं उठल्यावर प्रत्येक जण त्या डोंगराकडे मान वर करून बघत असणार. वयाने तो अठरा-एकोणीसचा होता हेही विसरू नका.

त्यामुळे बहाद्दर, तुमचा मित्सुनारी डोंगराकडे संशयाने बघणार असेल तर बघू द्या. खऱ्यांनाही संशय होताच. ओतानीची फौज त्याच डोंगराच्या पायथ्याच्या अंगाला होती, आणि ओतानी स्वतः महारोगाने जवळजवळ आंधळा झालेला, पालखीतून लढाईला आलेला. त्याने कोबायाकावाचा पहिला तडाखा परतवलासुद्धा. त्याला बुडवलं ते वाकिसाका, कुत्सुकी, ओगावा आणि आकाझा या चार छोट्या सरदारांनी. कोबायाकावा उलटलेला पाहून तेही उलटले.

दानपासा

नानांचे आकडे घेऊन हिशेब करू. टेबल सहा फूट बाय चार. चार किलोमीटर म्हणजे टेबलावर साधारण १६०० मिमी धरले तर १ मिमी म्हणजे अडीच मीटर. म्हणजे तुमचा २८ मिमीचा सामुराई प्रत्यक्षात सत्तर मीटर उंच. गॉडझिला म्हणा हवं तर.

ते सोडा, ते सगळ्याच वॉरगेममध्ये असतं. महत्त्वाचं असं की तोड्याच्या बंदुकीचा चिलखतावर धड परिणाम होतो तो पन्नास-शंभर मीटरपर्यंत. म्हणजे या टेबलावर फक्त दोन ते चार सेंटीमीटर! लोक सामुराईंचे नियम लिहितात, बंदूकवाल्यांना फूटभर पल्ला देतात, आणि मग विचारतात की भालाईत समोर पोचतच कसे नाहीत. या मापाला बंदुका, धनुष्यं, भाले सगळं एकाच हातघाईच्या आकड्यात मुरवा. एक बेस म्हणजे हजार माणसं, त्यात सगळंच आलं. कोबायाकावाचे पंधरा बेस, शिमाझू घराण्याचे जेमतेम दीड. म्हणजे सगळे मिळून दीडशेच्या वर जाणार नाहीत.

वेगळी बंदूक हवीच असेल तर छोटी चकमक खेळा. 'टेस्ट ऑफ ऑनर'सारखे नियम त्यासाठीच आहेत, मूठभर सैनिकांत संध्याकाळ रंगते. पण त्यात सेकिगाहारा नाही मावणार.

लिंबूटिंबू

नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. हे सैनिक मिळतात कुठे? खर्च किती? आणि (हसू नका) दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे रंगवून सामुराई होतील का?

रंगपेटी

लिंबूटिंबू, हसले नाही. मावळ्याच्या पागोट्याला शिंगं लावून सामुराई होत नाही एवढंच सांगते.

स्वस्तात करायचं तर झ्वेझ्दा या रशियन कंपनीचे १:७२ मापाचे प्लास्टिकचे सामुराई आणि आशिगारू (पायदळातले साधे शिपाई) बघ. धातूचे २८ मिमीचे हवे असतील तर पेरी बंधूंचे अतिशय देखणे आहेत, पण परदेशातून मागवलंस की वर टपालखर्च आणि जकात. हल्ली बरेच जण रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर घरीच छापतात. नुसत्या खेळासाठी मात्र कागदी ठोकळे पुरतात. चिन्ह छापून लाकडी चौकोनावर चिकटव, कोणी नाव ठेवलं तर माझं नाव सांग.

रंगवण्याबद्दल. नवखे सगळे सामुराईपासून सुरुवात करतात आणि चिलखताच्या रेशमी दोऱ्या रंगवता रंगवता छंद सोडतात. आशिगारूंपासून सुरुवात कर. त्यांचं चिलखत धन्याने दिलेलं असे, त्यामुळे सगळे एकसारखे: काळं प्रायमर (रंगाचा पहिला हात), कडांवर कोरड्या ब्रशने राखाडी, टोपीवर सोनेरी चिन्ह, झालं. आणि आळशी असशील तर इएयासूचा सरदार ई नाओमासा याची फौज घे. आपादमस्तक लाल. चिलखत लाल, निशाण लाल, खोगीरसुद्धा लाल. लाल प्रायमर मारून वरून तपकिरी वॉश (पातळ केलेला रंग) सोडला की अर्धं काम फत्ते.

खरी शोभा निशाणांची. पाठीवरचं छोटं साशिमोनो आणि हातात धरलेलं उभं लांब नोबोरी. साध्या कागदावर छापायची, पातळ फेविकॉल दोन्ही बाजूंनी लावायचा, ओलं असतानाच सुरकुत्या पाडायच्या. काठी म्हणून खराट्याच्या काडीचं शेंड्याकडचं टोक, तारेपेक्षा सरळ राहतं. चिन्हं सोपी आहेत: तोकुगावाची तीन पानं, सानादाची सहा नाणी, शिमाझूंचं वर्तुळातलं फुलीसारखं चिन्ह (त्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही, प्रत्येक जण विचारतो). कोबायाकावाचे एकमेकांवर आडवे ठेवलेले विळे.

उनाडटप्पू

विळे! म्हणजे चिन्हातच कापाकापी होती, मित्सुनारीला दिसली नाही. हसून हसून पुरेवाट.

लिंबूटिंबू

धन्यवाद ताई! आणि जमीन?

रंगपेटी

किल्ला केलायस ना? मग तुला शिकवायला नको. डोंगर थर्माकोलचे, वरून कागदाचा लगदा. अळीव मात्र पेरू नकोस, ते लढाईपर्यंत सामुराईंच्या डोक्यावरून जाईल. भातखाचरं न चुकता कर, त्यांच्याशिवाय जपान दिसत नाही. पुठ्ठ्यावर पुट्टीचे बांध घालायचे, आत तपकिरी रंग, त्यावर चकचकीत वार्निशचे थर, रोपांना जुन्या ब्रशचे केस. कापणीनंतरचं दाखवायचं असेल तर नुसते खुंट ठेवायचे. नियमात खाचर म्हणजे निम्मी चाल, आणि घोड्यांना बंदी.

मांडवीकाठ

जाता जाता, बंदुकांचा विषय निघालाय तर गोव्याहून एक पुरवणी. पोर्तुगीज बंदूक १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोचली हे सगळ्यांना माहीत असतं. पण जपानी बंदुकीची कळ बघा. घोडा ओढला की जामगी (जळती वात) स्प्रिंगच्या जोराने खटकन पुढे पडते. युरोपातल्या फौजांत तेव्हा सावकाश दाबायची कळ जास्त चाले. त्यामुळे बऱ्याच जाणकारांचं मत असं की जपान्यांनी नक्कल केली ती लिस्बनच्या बंदुकीची नव्हे, गोवा-मलाक्का भागात बनणाऱ्या बंदुकीची. पोर्तुगीज गोव्यात १५१० पासून होते आणि त्यांचा शस्त्रांचा कारखाना इथेच होता. त्यामुळे बहाद्दर, तुमच्या टेबलावर जे बंदूकवाले उभे राहतील त्यांत आमचाही थोडा हात आहे.

लुईश फ्रोइश हा जेझुइट पाद्रीसुद्धा १५४८ मध्ये आधी गोव्यात आला, इथून पुढे १५६३ ला जपानात. हिदेयोशीच्या आधीचा बलाढ्य सरदार नोबुनागा, त्याला तो प्रत्यक्ष भेटलेला. युरोप आणि जपान यांतले फरक त्याने टिपून ठेवलेत, त्यात त्याने म्हटलंय की आम्ही घोड्यावर बसून लढतो, जपानी मात्र लढायची वेळ आली की खाली उतरतात.

दानपासा

मांडवीकाठ, भारी. पण फ्रोइशच्या त्या वाक्यावरून लोक उगाच उड्या मारतात. ताकेदा घराण्याचं घोडदळ होतंच. कानागावा... सॉरी, कावानाकाजिमाची लढाई काय पायी लढले?

इतिहासखोर

घोडे होते, घोडदळ होतं का हा प्रश्न आहे. घोड्यावर बसणारा सामुराई एकटा कधीच नसे, बरोबर भाला धरणारा, शिरस्त्राण धरणारा, लगाम धरणारा असे पायी लोक धावत. पाचशे घोडे एका रांगेत चौखूर सुटले हे चित्र सिनेमाने दिलंय. जपानी घोडासुद्धा ठेंगणा, किसो जातीचा आजचा घोडा खांद्याला साधारण १३० सेंमी. त्यावर चिलखतासकट माणूस बसवा आणि किती चौखूर सुटतो ते बघा.

नागाशिनोची लढाई (१५७५, नोबुनागा विरुद्ध ताकेदा) तर दंतकथांची खाणच. तीन हजार बंदुका, तीन रांगा, आलटून पालटून बार, ताकेदांच्या घोडदळाचा चक्काचूर. ओता ग्यूइची नोबुनागाच्या पदरी होता, त्याच्या वृत्तांताच्या एका प्रतीत आकडा एक हजार आहे आणि दुसरीकडे तीन हजार. रांगा बदलत बार काढण्याचं वर्णन त्यात नाहीच, ते नंतरच्या लेखकांनी घातलं. आणि लढाई काही क्षणांत संपली नाही, पहाटेपासून दुपारपर्यंत चालली.

दानपासा

मान्य, तीन रांगा सोडून देऊ. पण मग पंधरा हजार घेऊन आलेला ताकेदांचा प्रमुख कात्सुयोरी हरला कशाने? लाकडी कुंपण, पुढे ओढा, समोर दुपटीहून जास्त माणसं, आणि मागे नोबुनागाच्या बाजूच्या साकाई तादात्सुगूने रात्रीतून डोंगर ओलांडून ताकेदांचा तोबिगासूचा तळ जाळलेला. त्याला पुढे जाण्यावाचून गत्यंतरच उरलं नव्हतं. म्हणून मी नागाशिनोला बंदुकांना जास्तीचा फासा देत नाही, कुंपणाला देतो. आणि ताकेदा खेळणाऱ्याला सांगतो, बाबा, मागे फिरलास तर दर फेरीला गुण कमी. बघा कसा कुंपणावर जातो ते.

चहाबाज

दोघांचंही पटलं. मला स्वतःचं मत नाही, त्यामुळे मी सुखी.

जुना_खवीस

वाचतोय, बरं चाललंय. एक शंका. मुंडकी कापायचे म्हणतात ना ते लोक? ते खेळात येतं का?

दानपासा

येतं, काका, आणि आणायलाच हवं. पहिला भाला कोणाचा, पहिलं मुंडकं कोणाचं, यावर इनाम ठरायचं. लढाईनंतर मुंडकी धुवून, केस विंचरून धन्यापुढे मांडायचे. त्यामुळे शत्रू पाडला की सामुराई तिथेच गुडघे टेकून कामाला लागे आणि पलटण मोडे. ओकेहाझामाच्या लढाईत (१५६०) नोबुनागाने म्हणूनच हुकूम दिला होता की मुंडकी घेऊ नका, मारा आणि पुढे जा. हाताशी दोन-तीन हजार माणसं आणि समोर त्याच्या आठ-दहापट, वेळ कोणाला होता?

आमचा नियम: सामुराईंचा बेस जिंकला की फासा टाकायचा. एक किंवा दोन आलं तर पुढची फेरी तो जागचा हलत नाही, पण गुण मिळतात. मुंडकी नकोत असं आधीच जाहीर केलं तर फासा टाकायचा नाही आणि गुणही नाहीत. लोक लढाई हरून मुंडक्यांत जिंकलेत.

उनाडटप्पू

धाग्याचं पार मुंडकं झालं. मूळ प्रश्न आठवतो का कोणाला?

अंपायरकाकू

मला आठवतो. उशिरा आले, सगळं एका दमात वाचलं. आम्ही टोरांटोत हे मांडलं होतं, मी अंपायर.

बहाद्दर, तुम्ही म्हणता फितुरी फाशावर टाकली की हवामान होतं. अगदी बरोबर. डीबीएम नावाच्या वॉरगेमच्या नियमावलीत मित्रसेनापतीचा पहिलाच फासा एक पडला की त्याची फौज कुंपणावर बसते. खेळ म्हणून मजेदार, पण निर्णय कोणी घेतलेला नसतो. माझं म्हणणं आहे की कोबायाकावाला नियम लावूच नका. कोबायाकावा म्हणून एक जिवंत माणूस बसवा आणि त्याचं जिंकणं दोन्ही फौजांच्या जिंकण्यापासून वेगळं करा.

आम्ही असं केलं. खेळाडू सहा: इएयासू, मित्सुनारी, ओतानी, कोबायाकावा, किक्कावा, आणि ते चार छोटे सरदार मिळून एक. लढाईआधी पत्रांचा अर्धा तास. इएयासू आणि मित्सुनारी यांच्याकडे देण्यासाठी ठरावीक प्रांत, ते चिठ्ठीवर लिहून माझ्यामार्फत कोणालाही पाठवायचे. पाठवलेला प्रत्येक प्रांत जिंकल्यावर देणाऱ्याच्या गुणांतून वजा. म्हणजे उदार व्हायचं तर जिंकून काय उरणार, आणि कंजूष व्हायचं तर जिंकणार कसं? खऱ्या मित्सुनारीनेही कोबायाकावाला हिदेयोरी मोठा होईपर्यंत काम्पाकूचं, म्हणजे सगळ्यात वरच्या दरबारी पदाचं, आमिष दाखवलं होतं असं सांगतात.

कोबायाकावाचे गुण: जिंकणाऱ्या बाजूला असलास तर कबूल केलेले प्रांत, शिवाय जितका लवकर उतरशील तितकी भर. हरणाऱ्या बाजूला असलास तर शून्य. शेवटपर्यंत डोंगरावर बसलास तर थोडेसे. म्हणजे लवकर उतरावं तर अंदाज चुकण्याची भीती, थांबावं तर किंमत घसरते. घुटमळणं आपोआप येतं, मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

किक्कावाचं वेगळं. त्याला मोरींची जमीन वाचवायची होती, मोरींना न विचारता. लढाईनंतर इएयासूने मोरींचे प्रांत काढून दोनावर आणलेच, पण ते त्याला आधी कुठे ठाऊक? म्हणून त्याचे गुण मी बंद पाकिटात ठेवले, खेळ संपल्यावर उघडलं.

आणि चार छोटे सरदार, यांत खरी मेख आहे. वाकिसाकाने आपण उलटणार हे आधी कळवून ठेवलं होतं, त्याची जहागीर राहिली. ओगावा आणि आकाझा आयत्या वेळी उलटले, लढले इएयासूच्या बाजूने, तरी त्यांच्या जहागिरी गेल्या. तेव्हा नियम असा की आधी पत्र पाठवलं नसेल तर फितुरीचे गुण नाहीत. पत्र पाठवलं तर ते अंपायरच्या हातून जातं, आणि अंपायरच्या पेटीत इतकी पत्रं येतात-जातात की मित्सुनारीचा जीव टांगणीला लागतो.

झालं काय? आमचा कोबायाकावा शेवटपर्यंत डोंगरावर बसून वडापाव खात राहिला. दोन्हीकडून चिठ्ठ्या येत होत्या, हा प्रत्येक चिठ्ठीला 'विचार चालू आहे' असं उत्तर देई. वाकिसाका आणि मंडळी आधी उलटली, ओतानी पडला, आणि मित्सुनारीने चिडून आपल्याच कोबायाकावावर हल्ला चढवला!

इतिहासखोर

हे आवडलं. खरं सांगायचं तर माझा आक्षेपही यात विरघळतो. कोबायाकावा पहिल्या फेरीत उलटला तरी चालेल, आठव्यात उलटला तरी. दोन्ही मतांना टेबलावर जागा आहे.

सोंगटीबहाद्दर

काकू, दंडवत. हेच करणार. पण मोरींचं काय करू? तुम्ही किक्कावाला खेळाडू दिलात, त्याच्या मागे मोरी हिदेमोतो अख्खी फौज घेऊन बसणार आणि बारा फेऱ्या काही करणार नाही. त्याची जागा कोण घेणार?

नागोयातला_नाना

त्याचीच तर इथे म्हण झालीय, 'साइशो-दोनोचा रिकामा डबा' (साइशो हे हिदेमोतोचं दरबारी पद). पश्चिमेच्याच चोसोकाबेंकडून निरोप आला की का हलत नाही, तेव्हा हिदेमोतोने कळवलं म्हणे की शिपाई जेवताहेत. पुढे किक्कावा वाट अडवून बसलाय हे कसं सांगणार?

रंगपेटी

मग त्या बेसवर छोटे डबे रंगवून ठेवते. २८ मिमीला भाताचा दाणा दिसत नाही, पण डबा दिसतो.

अंपायरकाकू

मोरींना खेळाडू देऊ नका, तो बेस किक्कावाच्याच ताब्यात ठेवा. उरलेल्या माणसाला त्याहून चांगलं काम आहे. इएयासूचा मुलगा हिदेतादा अडतीस हजार माणसं घेऊन येत होता आणि वाटेत उएदाच्या किल्ल्यापाशी सानादा मासायुकीने दोन-अडीच हजार माणसांनिशी त्याला गुंतवून ठेवलं. तो सेकिगाहाराच्या लढाईला वेळेत पोचलाच नाही. ही लढाई आधीच्या रविवारी खेळा. किल्ला लहान, सैनिक थोडे, तुमच्या लिंबूटिंबूंनाही जमेल. सानादाने किती फेऱ्या अडवलं त्यावर हिदेतादा पुढच्या रविवारी कितव्या फेरीला टेबलावर येतो ते ठरेल. आणि ही गोष्ट कोबायाकावाला सांगायची नाही.

दानपासा

अरे व्वा! म्हणजे कोबायाकावाला खालचं सगळं दिसतंय, फक्त पूर्वेकडून आणखी अडतीस हजार येणार की नाही हे ठाऊक नाही. बहाद्दर, त्यासाठी टेबल पूर्वेला दोन फूट वाढवावं लागेल.

सोंगटीबहाद्दर

इस्त्रीचं टेबल जोडतो. घरून परवानगी मिळाली की कळवतो. उएदाला सानादा कोण?

जुना_खवीस

मी. अडतीस हजारांना अडवायचं असेल तर माझ्याइतका अनुभवी माणूस मिळायचा नाही, गेली दहा वर्षं सोसायटीच्या मीटिंगा चालवतोय.

लिंबूटिंबू

मला हिदेतादा द्या मग. उशीर मला जमतो.